गाडीच्या हीटरची दुरुस्ती

मोटारीत समोरच्या जाळीतून गरम हवा येते. ती कोठून येते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? आत विजेची शेगडी असेल, असे पुष्कळांना वाटते. पेट्रोल आणि डिझेलच्या बहुतेक गाड्यांत तसे नसते. चालू इंजिन तापते. त्याला थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती कूलंट नावाचे द्रव फिरत असते. तापलेले कूलंट दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डमागच्या एका लहान रेडिएटरमध्ये जाऊन परत येते. या रेडिएटरला हीटर कोअर म्हणतात. त्यावरून पंखा हवा फेकतो. म्हणजे जी उष्णता वाया जायची, तीच आपल्याला ऊब देते. म्हणूनच घाट चढताना इंजिन फार तापू लागले, तर जाणते ड्रायव्हर भर उन्हाळ्यातही हीटर पूर्ण चालू करतात. आत बसणारे घामाघूम होतात, पण इंजिनाचा ताप थोडा उतरतो!

काश्मीर किंवा लडाखमध्ये हीटर ही चैन नव्हे. तेथे तो बंद पडला, तर पुढच्या काचेवर दव आणि बर्फ साचते व रस्ता दिसेनासा होतो.

दुरुस्ती म्हणजे उर्दूतील मरम्मत. ‘दुरुस्त’ हा शब्द तर फारसीतूनच मराठीत आला आहे. पण दुरुस्तीआधी दोष शोधावा लागतो. इंजिन गरम करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, मग इंजिन बंद करून त्या दोन नळ्यांना फडक्यातून जपून हात लावून पाहा. दोन्ही गरम असतील, तर कूलंट नीट फिरत आहे. दोष पंख्यात किंवा हवेच्या झडपेत असावा. दोन्ही गार असतील, तर कूलंट कमी झाले असेल, नळीत हवा अडकली असेल किंवा थर्मोस्टॅट उघडाच राहिला असेल. एक गरम आणि दुसरी गार असेल, तर बहुधा कोअर तुंबला आहे. खाऱ्या पाण्याने घरातील गीझरमध्ये जसा थर बसतो, तसाच येथेही बसतो. बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतू नये, ते यासाठीच.

तुंबलेला कोअर घरी धुता येतो. मात्र हे काम घरातील मोठ्या माणसांबरोबरच करा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. वाफ न जिरलेला प्रेशर कुकर उघडण्यासारखेच ते आहे. आधी कूलंट भांड्यात काढून घ्या. ते चवीला गोड, पण विषारी असते. ते गटारात किंवा अंगणात ओतू नका, कुत्र्या-मांजरांपासूनही दूर ठेवा.

आता नळ्या काढायच्या. येथेच पुष्कळ जण घाई करतात. जुनी नळी चिकटून बसलेली असते. ती जोराने ओढली, तर कोअरचे नाजूक तोंड वाकते आणि लहान काम मोठे होऊन बसते. त्यापेक्षा नळी उभी चिरून काढा. नवी नळी कोअरपेक्षा फार स्वस्त पडते. मग कूलंट ज्या तोंडाने बाहेर येते, त्या तोंडातून पाण्याची बारीक धार उलट दिशेने सोडा. धार जोराची नको. आधी तांबूस, गढूळ पाणी येईल. ते स्वच्छ होईपर्यंत धुवा. नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा. असे मिश्रण सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. शेवटी, इंजिन थंड असतानाच झाकण काढून ते सुरू करा, हीटर चालू ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा निघू द्या. हे काम उघड्यावरच करा. बंद खोलीत इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, आणि त्याला वासही नसतो.

गाडीत गोडसर वास येत असेल, काचेवर तेलकट वाफ बसत असेल, पायाखालची चटई ओली होत असेल, तर कोअर फुटला आहे असे समजा. गळती बंद करणारी पूड बाजारात मिळते, पण ती चांगल्या वाटाही बुजवते. मला ती पसंत नाही. कोअर बदलायचा, तर अनेक गाड्यांत सगळा डॅशबोर्ड काढावा लागतो. एअरबॅगच्या तारा तेथूनच जातात, म्हणून हे काम अनुभवी मेकॅनिककडेच द्यावे. तोपर्यंत कोअरच्या दोन्ही नळ्या एका तुकड्याने एकमेकींना जोडल्या, तर बहुतेक गाड्या हीटरशिवाय चालवता येतात.