उमेदवाराची तीन रंगांची वही: प्रचारखर्चाचा हिशेब कोण पाहू शकतो?

यवतमाळ जिल्ह्यातील वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद आणि उमरखेड या सातही विधानसभा मतदारसंघांत उमेदवाराला 40 लाख रुपयांपर्यंतच खर्च करता येतो. उमेदवारी अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा प्रत्येक खर्च वहीत नोंदवावा लागतो. पांढऱ्या पानांवर रोजचा हिशेब, गुलाबी पानांवर रोख, तर पिवळ्या पानांवर बँकेचे व्यवहार. प्रचारकाळात ही वही तीनदा तपासली जाते. निवडणूक यंत्रणेच्या स्वतंत्र नोंदवहीशी ताळा घेतला जातो.

निकालानंतर 30 दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. पराभूतांनाही सूट नाही. योग्य कारणाशिवाय तो न दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवतो.

हा हिशेब कोणत्याही मतदाराला पाहता येतो. नियमातील शुल्क फक्त 1 रुपया.