पीठावर किती जण होते?

वकील उभे राहतात, म्हणतात, "माय लॉर्ड, यावर रूलिंग आहे." समोरची बाजू आधी एवढंच पाहते: कोणत्या कोर्टाचं, आणि पीठ किती जणांचं? निकाल बरोबर की चूक, हे त्या घडीला जवळजवळ गौण. मला हे अजूनही जरा चमत्कारिक वाटतं.

घटनेच्या कलम १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक. पण ते न्यायालय स्वतः दोन, तीन, पाच अशा पीठांत वाटून बसतं. लहान पीठाला मोठ्या पीठाचा निकाल पटला नाही, तरी तो मोडता येत नाही. फार तर आणखी मोठं पीठ मागता येतं. गोलकनाथ खटला १९६७ साली अकरा जणांनी ठरवला, म्हणून केशवानंद भारतीसाठी तेरा जण बसवावे लागले.

'आधार'च्या सुनावणीत सरकारने १९५४ आणि १९६२ सालचे दोन निकाल पुढे केले. गोपनीयता हा मूलभूत हक्क नाही, असं त्यांत म्हटलंय, हा सरकारचा दावा. पहिलं पीठ आठ जणांचं, दुसरं सहांचं. १९५४ चा खटला खरं तर झडतीचा होता. गोपनीयतेचा उल्लेख त्यात ओघात आलेला. निकाल ज्या कारणावर उभा असतो तेवढंच बांधतं, ओघातलं बोलणं नाही. तरीही आकडा आठ! म्हणून २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्ती बसले आणि गोपनीयतेचा हक्क एकमताने मान्य झाला.

त्याच निकालात आणखी एक जुनं भूत उतरवलं गेलं. १९७६, आणीबाणी. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी, स्थानबद्ध माणसाला हेबियस कॉर्पसचा अर्ज करता येतो, असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते सगळं फिरवलं. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना. पण अल्पमत कितीही खरं असलं, तरी खालच्या कोर्टाला ते दाखला म्हणून चालत नाही. १९७८ च्या घटनादुरुस्तीने निकालातला दंश काढला. कागदावर मात्र तो एक्केचाळीस वर्षं टिकला.

त्या चारांत पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. नऊ जणांच्या पीठावर त्यांचे चिरंजीव धनंजय. चौघांचेही निकाल गंभीर चुकांचे होते, असं त्यांनी आपल्या निकालपत्रात स्वच्छ लिहिलं. आपल्याकडे वृत्तपत्रांनी बाप-लेकाची गोष्ट चवीने रंगवली. कायद्याच्या लेखी मात्र नातं मोजलंच जात नाही, डोकी मोजतात.

पुढच्याच वर्षी व्यभिचाराच्या कलमावरचा वडिलांचा १९८५ चा निकालही गेला. तो तिघांचा होता. या वेळी पाच पुरले.