‘अ’ तुकडी, ‘ड’ तुकडी आणि १४४१६

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरातल्या शिक्षणसंस्थांना १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. पटावर शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील, तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. त्याहून छोट्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संधान बांधायचं. शिक्षकांनाच नव्हे, इतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून दोनदा प्रशिक्षण.

हुशारांची ‘अ’ तुकडी, उरलेल्यांची ‘ड’ ही गुणांवरची वाटणीही टाळायची आहे. आपल्याकडची ही जुनी खोड एका निकालाने सुटेल, असं मात्र दिसत नाही.

हेल्पलाइनचे क्रमांक वर्गात, वसतिगृहात मोठ्या, सुवाच्य अक्षरांत लावायचे. त्यातला ‘टेली-मानस’चा १४४१६ मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.