मालमोटारीतील स्वयंचलित गिअर आणि चालकाचा हात

कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडे बाहेर पडलेली मालमोटार दरी पूल, नऱ्हे आणि नवले पूल या मार्गाने कित्येक किलोमीटर उतरतच राहते. हा उतार डोळ्यांना फारसा तीव्र भासत नाही. घाटाची वळणे मागे पडलेली असतात, रस्ता रुंद असतो, आणि नेमक्या याच ठिकाणी गिअर काढून वाहन न्यूट्रलमध्ये सोडावे व तेवढे डिझेल वाचवावे, असा मोह चालकास होतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने पुढील अनेक वाहनांना धडक दिली. त्यानंतर या न्यूट्रलची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. मोठ्या मालमोटारींत आता स्वयंचलित गिअरपेट्या येऊ लागल्या आहेत. त्यांच्यामुळे वाहन चालविण्याच्या जाणिवेत कोणता पालट होतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ सुखसोयीचा मानता येत नाही.

प्रथम जुनी व्यवस्था पाहू. डिझेल इंजिनास फिरण्याच्या वेगाची एक मर्यादित कक्षा असते. तिच्या खाली ते गुदमरते, वर गेल्यास त्याची हानी होते. चाकांचा वेग मात्र शून्यापासून ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत बदलत असतो. या दोहोंचा मेळ घालणे हे गिअरपेटीचे काम. हाताने चालवावयाच्या पेटीत हा मेळ चालक स्वतः घालतो, आणि त्यासाठी तो वेगदर्शकाकडे क्वचितच पाहतो. इंजिनाचा आवाज उतरू लागला, आसनाखालचा कंप जाड झाला, दांड्यातून हाताला येणारा थरकाप बदलला, की भार किती आहे आणि चढ किती उरला आहे हे त्यास कळते. चालकांच्या बोलीत ही जाणीव जवळजवळ सजीव प्राण्याच्या भाषेत बोलली जाते. गाडी ‘उचलते’, गाडी ‘ओढत नाही’, गाडी ‘लोड घेते’. बैलगाडी हाकणाऱ्याचा शब्दसंग्रह येथे इंजिनाच्या चाकरीस लागला आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

यात व्याकरणाच्या दृष्टीनेही एक लक्षणीय जोडी आढळते. ‘ड्रायव्हरने दुसरा टाकला’ या वाक्यात कर्ता आहे आणि त्याची कृती आहे. ‘दुसरा पडत नाही’ या वाक्यात कर्ता नाहीसा होतो व गिअरच आपल्या मर्जीने वागू लागतो. जुन्या पेटीच्या संदर्भात हे दुसरे रूप मुख्यतः तक्रारीचे होते: दंतचक्रे जुळली नाहीत, क्लच नीट सुटला नाही, म्हणून गिअर पडला नाही. स्वयंचलित पेटीत ‘गिअर पडतो’ हे रूप नित्याचे होते. ‘टाकणे’ मागे सरते व ‘पडणे’ पुढे येते. अनुभवातील पालटाचे इतके नेमके वर्णन यंत्रशास्त्राच्या पुस्तकातही सहज सापडणार नाही.

‘स्वयंचलित’ हा एकच शब्द येथे दोन भिन्न रचनांस लावला जातो, त्यांचा भेद ध्यानात घेतला पाहिजे. एका प्रकारात इंजिन व गिअरपेटी यांच्यामध्ये क्लचऐवजी द्रवाने भरलेले एक पात्र असते व शक्ती त्या द्रवाच्या प्रवाहातून पुढे जाते. शहरी बसगाड्या व खाणींतील डंपर यांत हा प्रकार रूढ आहे. त्यातील वाहन लोण्यावरून घसरल्याप्रमाणे सुटते. लांब पल्ल्याच्या मालमोटारींत येणारी पेटी मात्र बहुधा दुसऱ्या प्रकारची असते. तिच्यात दंतचक्रे जुन्याच घाटणीची असतात, क्लचही खराखुरा असतो. पण क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम पायाऐवजी आणि हाताऐवजी दाबलेली हवा करते, व ते केव्हा करावयाचे हे संगणक ठरवितो. व्होल्व्हो कंपनीची ‘आय-शिफ्ट’ ही २००१ साली आलेली पेटी या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण होय. अशा पेटीत पुढचे बारा गिअर असणे सामान्य आहे.

चढावर या पेटीचे वर्तन वाखाणण्याजोगे असते. इंजिन किती जोर लावीत आहे आणि त्या जोराने वाहनाचा वेग किती वाढतो आहे, यांवरून संगणक एकूण भाराचा अंदाज बांधतो. चढ किती आहे हे कलमापक सांगतो. या दोन गोष्टी कळल्या की मधले एकदोन गिअर गाळून थेट योग्य गिअरवर जाणे त्यास साधते. बोरघाटासारख्या चढणीवर जुन्या वाहनाचा चालक जितक्या वेळा डाव्या पायाने जड क्लच दाबतो, तितके श्रम वाचतात, आणि दिवसभराच्या प्रवासाअखेरीस हा फरक लहान नसतो. तरीही अनुभवी चालकास प्रारंभी एक गोष्ट खटकते. गिअर बदलताना क्षणभर इंजिनाचा जोर चाकांपासून तुटतो. स्वतः क्लच दाबणाऱ्यास हा क्षण जाणवत नाही, कारण तो त्याच्याच कृतीचा भाग असतो. यंत्राने तोच क्षण घेतला, तर वाहन अडखळल्यासारखे वाटते. विराम तेवढाच, परंतु एकाची अपेक्षा असते, दुसऱ्याची नसते.

उताराची गोष्ट निराळी आहे आणि खरा प्रश्न तेथेच उद्भवतो. ४० टन भाराचे वाहन शंभर मीटरला चार मीटर या प्रमाणातील उतारावरून ताशी ४० किलोमीटर वेगाने स्थिर गतीने उतरत आहे, असे धरू. या वेगात त्यास धरून ठेवण्यासाठी सुमारे १७५ किलोवॅट, म्हणजे २३० अश्वशक्तीहून अधिक, इतकी शक्ती सतत कोठे तरी जिरवावी लागते. रस्त्याचा व हवेचा रोध तिचा लहानसा वाटा उचलतो. उरलेली सारी जर चाकांच्या ब्रेकांवर पडली, तर एकूण शंभर मीटर उंची उतरेपर्यंत त्यांच्यात जवळपास एक लिटर डिझेल जाळल्याइतकी उष्णता साठते. तापलेल्या अस्तराचे घर्षण घटते, ड्रम प्रसरण पावतो, आणि चालकाचा पाय दाबलेला असूनही वाहन थांबत नाही. ‘ब्रेक फेल झाला’ असे यास म्हणतात. वस्तुतः ब्रेकाकडून त्याच्या कुवतीबाहेरचे काम घेतलेले असते. ज्या गिअरात घाट चढावा त्याच गिअरात तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम या भौतिकीचेच व्यवहारी रूप आहे. खालच्या गिअरात इंजिन चाकांना मागे ओढते व ब्रेक थंड राहतो.

आता स्वयंचलित पेटी या नियमाचे काय करते? चढावर इंजिनावर ताण पडतो, आणि तो ताणच यंत्रास सर्व काही सांगून जातो. उतारावर चालक पाय उचलतो, इंजिन सैल होते. तेव्हा इंधन वाचविण्याकडे कल असलेले यंत्र वरचा गिअर घेण्याचा संभव असतो. चालकाने इंजिन-ब्रेकची किंवा रिटार्डरची कळ ओढली, म्हणजेच मला वेग धरून ठेवावयाचा आहे असे यंत्रास कळविले, की मग ते झपाट्याने खालचे गिअर घेऊन इंजिनाचा रोध वाढविते. थोडक्यात, चढ यंत्र स्वतः ओळखते, पण उतारावरचा हेतू त्यास सांगावा लागतो. जुन्या चालकाच्या हातात हा हेतू दांड्याच्या रूपाने नित्य असे. नव्या चालकास तो एका लहान कळीत शोधावा लागतो, आणि ती कळ नाही ओढली तरी वाहन प्रथमतः काहीच कुरबूर करीत नाही.

न्यूट्रलच्या बाबतीत तर मौजेची गोष्ट अशी की, कित्येक आधुनिक पेट्या सौम्य उतारावर स्वतःच इंजिन चाकांपासून सोडवून वाहन घरंगळू देतात. मग चालकाने तेच केले तर दोष कोणता? भेद दोन ठिकाणी आहे. यंत्र हे करते तेव्हा इंजिन चालू असते, त्यामुळे ब्रेकांना हवा व सुकाणूला साहाय्य मिळत राहते. शिवाय वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाताच किंवा ब्रेकला पाय लागताच यंत्र गिअर पुन्हा जोडते. जुन्या वाहनात भरधाव वेगात सुटलेला गिअर परत जोडणे बहुतेकांस साधत नाही. इंजिनच बंद केले असेल तर हवाही थोड्या वेळात संपते. ज्या बचतीसाठी हे साहस केले जाते ती तीव्र उतारावर मुळात होतच नाही, कारण वाहन गिअरात असताना चालकाने पाय उचलला, की आधुनिक इंजिन इंधन पूर्ण बंद करते. न्यूट्रलमध्ये मात्र नुसते फिरत राहण्यासाठी त्यास डिझेल लागतेच.

मंदगतीच्या कामांत नवी पेटी अजून तितकीशी समाधानकारक वाटत नाही. बाजार समितीच्या आवारात किंवा गोदामाच्या फलाटाशी ट्रेलर मागे घेताना ‘हाफ क्लच’ वर वाहन बोटभर सरकविण्याचे जे कसब असते, त्यास पर्याय म्हणून संगणकाने दिलेली संथ चाल बहुधा थोडी धसमुसळी पडते. येथे चालकांची तक्रार रास्त आहे.

आणखी एका बदलाचा उल्लेख आवश्यक आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या केबिनी वातानुकूलित असणे आपल्याकडे बंधनकारक झाले आहे. उन्हाळ्यात सोलापूर रस्त्यावर भरल्या वाहनात बसलेल्या माणसास हा केवढा दिलासा आहे हे सांगावयास नको. परंतु काचा मिटल्या की इंजिनाचा आवाजही मंदावतो, आणि गिअर निवडण्याचे काम हातातून गेल्यावर भार ओळखण्याचे जे दुसरे साधन उरले होते, तेही दुबळे होते. चालक-प्रशिक्षणात उतारावरील कळीचा वापर भरल्या वाहनावर प्रत्यक्ष शिकविणे यासाठीच अगत्याचे ठरते. रिकाम्या वाहनावर तिचा परिणाम पुरेसा जाणवत नाही. कात्रजकडून उतरणारे वाहन मात्र बहुधा भरलेलेच असते.