वैष्णोदेवीला जाताय? मग हे वाचा

जम्मूजवळच्या कटऱ्यातून त्रिकूट पर्वतावरच्या देवीच्या भवनापर्यंतची वाट साधारण 13 किलोमीटरची आहे. निघण्याआधी यात्रेची नोंदणी करून आरएफआयडी कार्ड घ्यावंच लागतं. वाटेत बाणगंगा, चरणपादुका, मग अर्धकुवारी. इथल्या अरुंद गर्भजून गुहेत देवी नऊ महिने तपश्चर्येला बसली होती, अशी कथा आहे. तिथे रांग फार लांबते, म्हणून आधी वरचं दर्शन आटोपून परतताना थांबणं बरं.

भवनातल्या गुहेत मूर्ती नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती या तीन पिंडींच्या रूपात देवी आहे. दर्शन काही क्षणांचंच मिळतं. मोठे मुखवटे आणि मुकुट बघण्यात ते निसटू देऊ नका, नजर पिंडींवर ठेवा. एरवी दर्शन नंतर खोदलेल्या बोगद्यांतून होतं. मूळ नैसर्गिक गुहा गर्दी कमी असेल तेव्हाच उघडतात, बहुधा ऐन थंडीत. मला विचाराल तर तेवढ्यासाठी गारठा सोसावा!

भैरवनाथाचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पूर्ण होत नाही, असं मानतात. देवीने त्याचा वध केला आणि शेवटी त्यालाच हा मान दिला. ही क्षमेची कथा मला सगळ्यात जवळची वाटते. भवनातून भैरवनाथाच्या मंदिरात जायला 2018 पासून रोपवे आहे.

गुडघे दुखत असतील तर अर्धकुवारीपासून बॅटरीवरची गाडी मिळते. तिचं बुकिंग आधीच करून ठेवा.

जय माता दी!