सायकलची चेन सारखी उतरते? मागचं चाक बघा



बचत, अंतर्गत कर्ज, हप्ता, ठरावाची वही यावर आपण या पानावर नेहमीच लिहितो. या वेळी सायकलच्या चेनबद्दल लिहिते आहे. हसू नका, हा विषय हप्त्यातूनच निघाला.

नेवाळीच्या बाजूच्या एका गटातल्या ताई उल्हासनगरच्या पाच नंबरमधून जीन्सचे गठ्ठे आणतात, घरी बसून धागे कापतात आणि माल परत पोचवतात. दोन्ही वेळा रिक्षा केली तर हातात काही उरत नाही. म्हणून त्यांनी गटातून कर्ज काढून एक जुनी सायकल घेतली. थोड्याच दिवसांत चेन उतरायला लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. एकदा भर पावसात चेन उतरली, तोल गेला, गठ्ठा चिखलात पडला आणि ठेकेदाराने डागांचे पैसे कापून घेतले. पुढच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "मॅडम, सायकल विकून टाकते आणि कर्ज फेडते. मला नाही जमायची सायकल."

सायकल दोनदा दुकानात नेऊन झाली होती. दोन्ही वेळा चेन चढवून, तेल घालून मिळाली. मागचं चाक मात्र कुणी जागचं हलवलं नव्हतं. दोष तिथंच होता.

मी एमएसडब्ल्यू केलं, त्यात चेनचा पेपर नव्हता. मला हे शिकवलं बारवी धरणाकडच्या एका गावातल्या मावशींनी. त्यांच्या यजमानांचं सायकलचं दुकान होतं आणि दुपारी ते जेवायला गेले की गल्ल्यावर मावशी बसायच्या. बैठकीला जाताना त्यांच्या दारात माझी चेन पडली. मी काडीने चेन चढवायला बसले, तर मावशी म्हणाल्या, "अगं चेन काय बघतेस, चाक बघ!"

आता नीट सांगते. आपली साधी सायकल एका गिअरची असते. पायडलजवळ मोठं दातेरी चक्र, मागच्या चाकाला छोटं फ्रायव्हील, आणि दोघांना जोडणारी चेन. गिअरच्या सायकलला मागे खाली लोंबणारा एक स्प्रिंगचा हात असतो, तो चेन आपोआप ताणून धरतो. आपल्या सायकलला तो नसतो आणि त्याची गरजही नसते. कारण मागच्या चाकाचा एक्सल ज्यात बसतो ती खाच आडवी, लांबट असते. त्या खाचेत चाक पुढे-मागे सरकतं. चाक मागे घेतलं की चेन ताणली जाते, पुढे घेतलं की सैल होते. चेन ताणायची सोय म्हणजे हीच खाच.

मग चेन सैल का होते? आपण म्हणतो, "चेन वाढली." लोखंड काही वाढत नाही. चेनमध्ये शंभरच्या आसपास सांधे असतात, प्रत्येक सांध्यात एक पिन. पावसाची माती आत गेली की पिन झिजते. प्रत्येक सांध्यात केसभर झीज झाली तरी शंभर सांध्यांची बेरीज डोळ्याला दिसेल इतकी होते. दुसरं कारण म्हणजे सैल नट. पायडलवर जोर दिला की चेन चाकाची उजवी बाजू पुढे ओढते. कॅरिअरवर गठ्ठा किंवा पाण्याचा हंडा असला तर जोर आणखी लागतो. नट पक्के नसतील तर उजवी बाजू खाचेत पुढे सरकते, चाक तिरकं होतं, चेन सैल पडते आणि खड्डा आला की उतरते. नेवाळीच्या ताईंचं हेच झालं होतं. चाक एका बाजूला इतकं कललं होतं की टायर फ्रेमच्या नळीला घासून तिथला रंग गेला होता.

काम सुरू करण्याआधी ओढणी आणि पदर नीट खोचून घ्या, हातातल्या बांगड्या मागे सारा आणि लहान मुलांना लांब बसवा. चेन आणि दाते यांच्या मध्ये बोट सापडलं तर बोट तुटू शकतं, ही भीती घालायची गोष्ट नाही, खरंच घडतं. पायडल फिरवायचं ते स्वतःच्याच हाताने, आणि पायडल फिरत असताना दुसरा हात चेनवर नको. "तू फिरव, मी फडकं धरते" असं कधीही करायचं नाही.

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा, खाली गोणपाट टाका. मागच्या एक्सलला दोन्ही बाजूंना नट असतात. त्याच नटांखाली बहुतेक वेळा मडगार्डची तार, कॅरिअरचे पाय आणि स्टँडही अडकवलेलं असतं. सोडण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, नाहीतर शेवटी एक वॉशर हातात उरतो आणि तो कुठला ते कळत नाही. (माझ्या घरी असा एक वॉशर अजून आहे.) नट पूर्ण काढायचे नाहीत, चाक हाताने सरकेल इतकेच ढिले करायचे.

काही सायकलींना एक्सलवर दोन्ही बाजूंनी चेन ॲडजस्टर असतो, म्हणजे एक्सलला कडी आणि त्या कडीच्या मागे बारीक आट्यांचा बोल्ट. त्याचा छोटा नट फिरवला की एक्सल हळूहळू मागे येतो. दोन्ही बाजूंना सारखे फेरे द्या, इकडे अर्धा तर तिकडे अर्धा. ॲडजस्टर नसेल तरी अडत नाही. एकीने चाक दोन्ही हातांनी मागे ओढून धरायचं आणि दुसरीने नट आवळायचा. एकटीनेच करायचं असेल तर पायडलच्या बाजूला, टायर आणि फ्रेमची नळी यांच्या मध्ये लाकडाची पाचर सारा, चाक मागेच राहतं.

किती ताणायची? इथेच बहुतेकांचं चुकतं. आपल्याला वाटतं, घट्ट म्हणजे पक्कं. चेनचं तसं नाही. दोन चक्रांच्या बरोबर मधे चेन बोटाने वर उचला आणि खाली दाबा. वरून खालपर्यंत मिळून अर्धा इंच हलली पाहिजे. शंका वाटली तर मुलांची फूटपट्टी शेजारी धरा. चेन तारेसारखी ताठ झाली असेल तर पायडल जड जातं, कटकट आवाज येतो आणि चाकातले, पायडलमधले छर्रे लवकर खराब होतात. एका गटात एका ताईंच्या मिस्टरांनी हौसेने चेन अशी आवळली की ताई म्हणाल्या, "सायकल नाही मॅडम, रहाट ओढल्यासारखं वाटतं."

आणखी एक गोष्ट. चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. मोठं चक्र अगदी शंभर टक्के गोल नसतं, थोडंसं एका बाजूला असतंच. म्हणून पायडल हळू फिरवा, थांबा, चेन तपासा, पुन्हा फिरवा. अशा चार-पाच जागा बघा. जिथं चेन सगळ्यात जास्त ताणलेली मिळेल त्या जागेवर अर्धा इंच ठेवा. बाकी जागी ती थोडी जास्त सैल राहील, राहू द्या. उलटं केलं, म्हणजे सैल जागेवर अर्धा इंच ठेवला, तर घट्ट जागेवर पायडल अडकल्यासारखं होतं. मावशींनी मला एवढंच तीन वेळा करायला लावलं होतं. तेव्हा राग आला, आता कळतं.

चेन झाली की चाक सरळ आहे का बघा. पायडलच्या जवळ, टायरच्या डाव्या आणि उजव्या बाजूला फ्रेमच्या दोन नळ्या असतात. दोन्हीकडे सारखं अंतर पाहिजे. एका बाजूला दोन बोटं मावतात आणि दुसरीकडे एकच, असं असेल तर चाक अजून तिरकं आहे. मग चेनच्या बाजूचा नट थोडा आवळा, चाक मधे आणा, दुसरा नट थोडा आवळा, आणि असं आलटून-पालटून दोन्ही पक्के करा. एकच नट एकदम करकचून आवळला तर चाक पुन्हा सरकतं. आवळून झाल्यावर चेन परत एकदा तपासा.

ब्रेक विसरू नका. चाक मागे गेलं म्हणजे रिमही मागे गेली. ब्रेकचे रबर आता रिमवर नीट बसतात की टायरला घासतात ते पाहून तेही सरकवून घ्या. मग अंगणात दोन फेऱ्या मारा आणि चार दिवसांनी नट पुन्हा एकदा आवळून बघा, विशेषतः कॅरिअरवर ओझं नेत असाल तर.

नेवाळीच्या ताईंच्या सायकलला हे सगळं करायला आम्हाला अर्धा तास लागला, त्यातली दहा मिनिटं गंजलेला नट सोडवण्यात गेली. पण त्यांचं चाक खाचेच्या टोकापर्यंत मागे आलं तरी चेन थोडी सैलच होती. असं झालं तर चेन मोजा. चेनच्या एका पिनेपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच असतो. कंपनी कुठलीही असो, आपल्या सायकलींना हेच माप. त्यामुळे चोवीस सांधे म्हणजे पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच, मुलांच्या फूटपट्टीएवढे. पट्टी लावल्यावर शेवटची पिन १२ इंचाच्या पुढे एक-अष्टमांश इंच गेली असेल तर ती चेन संपली. तेल घालून उपयोग नाही, नवी घ्या आणि फ्रायव्हीलचे दाते टोकदार झालेत का तेही दुकानात दाखवा. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घसरते.

चेन माप बरोबर दाखवत असेल आणि तरी लांब वाटत असेल तर दुकानदार दोन सांधे काढून देतो. म्हणजे १ इंच चेन कमी होते आणि चाक अर्धा इंच पुढे येतं. एकच सांधा काढता येत नाही, कारण एक कडी रुंद आणि एक अरुंद अशी ती गुंफलेली असते. चेनला लॉक असेल तर त्याची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडे आहे ना, तेवढं बघून घ्या. उलटं बसलं तर लॉक वाटेत निसटतं.

आता जुनी सायकल घेणाऱ्यांसाठी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर तिन्हीकडे गिअरच्या जुन्या सायकली स्वस्तात मिळतात. गिअर बिघडला की दुकानदार सांगतो, "गिअर काढून साधी करून देतो." घेण्याआधी मागची खाच बघा. ती आडवी असेल तर हरकत नाही, वर सांगितलं तसं चाक सरकतं. पण खाच सरळ खालच्या दिशेने उघडत असेल तर चाक मागे-पुढे होणारच नाही. अशा सायकलला चेनची लांबी नशिबाने जुळली तर जुळली. थोडी सैल असली तर उतरते आणि आणखी एक इंच काढली तर चढतच नाही. यावर दोन उपाय आहेत. हाफ लिंक नावाची कडी मिळते, तिच्यामुळे चेन अर्ध्याच इंचाने कमी-जास्त करता येते. किंवा एक दाता कमी-जास्त असलेलं फ्रायव्हील लावायचं, त्याने चाक साधारण एक-अष्टमांश इंच सरकवल्याएवढा फरक पडतो. तेही जमलं नाही तर ताणून धरणारा स्प्रिंगचा हात परत लावावाच लागतो. हा सगळा खर्च धरूनच भाव करा. गिअरची चेन अरुंद असते, ती साध्या सायकलच्या रुंद दात्यांवर बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

जेंट्स सायकल मिळाली तर दांडीमुळे नको म्हणू नका, चेनचा हिशोब तोच आहे. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. तेव्हा लेडीज सायकली पुरेनात, म्हणून त्यांनी जेंट्स घेतल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं आहे. पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं, हा त्यातला फायदा.

तेलाचं एकच सांगते. खोबरेल नको, ते चिकटतं आणि माती धरतं. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण पावसात लवकर धुऊन जातं. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो. गाडीचं नवं ऑइल थोडंसं, प्रत्येक सांध्यावर एक थेंब, आणि मग फडक्याने वरचं सगळं पुसून घ्या. तेल पिनेला पाहिजे, साडीला नाही.

नेवाळीच्या ताईंनी नवी चेन घातली. सायकल विकलेली नाही, गठ्ठे चालू आहेत, आणि या महिन्याचा हप्ता त्यांनी बैठकीत सगळ्यात आधी ठेवला. माझ्या पिशवीत आता ठरावाच्या नमुन्याबरोबर सायकलचा चपटा पाना असतो. तुमच्या गावात बैठकीला येईन तेव्हा सायकली दारात लावून ठेवा. बैठक झाल्यावर बघू, पण नट तुम्ही सोडायचा.