मानवी जठरपेशींचे संवर्धन व खारपाणाचा प्रश्न

जठरव्रण व जठराचा कर्करोग यांस कारण होणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू १९८२ साली पर्थ येथे वॉरन व मार्शल यांनी प्रथम संवर्धित केला. तथापि ज्यांच्या जठरात तो वसतो, त्यांपैकी थोड्यांनाच गंभीर व्याधी जडते. असे का, हे पाहण्यास साधने अपुरी होती. कर्करोगाच्या गाठीतील पेशी काचपात्रात वाढतात खऱ्या, पण त्या मुळातच विकृत. आणि उंदराचे जठर माणसाचे नव्हे.

२०१४ मध्ये सिनसिनाटी येथे मूलपेशींपासून मानवी जठरपेशींचे पोकळ गोल वाढविण्यात आले; आकार फार तर ज्वारीच्या दाण्याएवढा. जठराची आतली बाजू गोलाच्या पोटात येत असल्याने जंतू भोवतीच्या द्रवात सोडून भागत नाही. तो सूक्ष्म सुईने पोकळीत सोडावा लागतो. चोवीस तासांत विभाजन पावणाऱ्या पेशी दुप्पट झाल्या.

वऱ्हाडास यात विशेष रस असावा. अमरावती-अकोल्याच्या खारपाण पट्ट्यात विहिरींचे पाणी खारे असते, आणि मिठामुळे या जंतूच्या काही प्रभेदांत कॅगए हे घातक प्रथिन अधिक बनते. अर्थात प्रयोगातील मीठ विहिरीच्या पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असते. तेव्हा पाण्यास दोष देणे घाईचे होईल. खारपाणाइतक्याच क्षारतेत हे गोल तपासता येतील. मात्र त्यांत रक्तप्रवाह नसतो.